अनसूयेचे एकशे एक रुपये

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथी पास झाले त्याला जमाना झाला, आणि नंतर हातात पेन्सिल आली ती बालवाडीच्या हजेरीपुरती. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. वेलांटी जशी हाताला येते तशी देते. महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, "दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या नोकरीबद्दल लिहून द्या, लिहायला तर कोणासमोर उभं राहावं लागत नाही ना?" म्हणून वही घेऊन बसले. अंकाला देईन की नाही ते ठरलं नाही, आधी माझ्यापुरतं लिहून काढते. चुकांची माफी इथे एकदाच मागून घेते. पुढे जे लिहिणार आहे त्याबद्दल मात्र कोणाची माफी मागणार नाही.

आमचं गाव वडनेरकडचं. नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून गावातच आहेत. आमचे हे हिंगणघाटच्या मिलमध्ये कामाला, आठवड्याने घरी यायचे. घरी मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी सरकारने गावात एक केंद्र काढलं. सकाळी लेकरांची बालवाडी, दुपारी बायांचा शिवणवर्ग. तिथे मदतनीस पाहिजे होती. चौथी पास बाई गावात मी एकटीच, म्हणून मला घेतलं. मी इतकी लाजाळू होते की मुलाखत घ्यायला जीपमधून आलेल्या मोठ्या बाईंना मी माझं नावही भिंतीकडे पाहून सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "लेकरांना भिंतीकडे पाहून शिकवू नका म्हणजे झालं."

माझं काम म्हणजे लेकरांची नाकं पुसणं, दुधाची पूड कालवून पाजणं, बायांना टीप घालायला शिकवणं आणि रजिस्टर भरणं. पण ज्या कामाबद्दल मी लिहिते आहे त्याला कुठलं पद नव्हतं आणि रजिस्टरात त्याचा रकाना नव्हता. ज्या पोरींच्या आणि पोरांच्या मनात जीव द्यायचं येतं त्यांच्याजवळ बसायचं. आणि ज्या घरातलं कोणी तसं गेलं त्या घरी जायचं. एवढंच काम. हे मी शिकले ते एका चुकीतून, म्हणून चूक आधी लिहिते.

केंद्राच्या पहिल्याच वर्षी रुखमा नावाची सून शिवणवर्गाला यायची. अठरा-एकोणीस वर्षांची, हसरी, सुईत दोरा ओवायला सगळ्यांत पटाईत. एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. पदराखालून तिने फणेरपेटी काढली. आरसा आणि फणी ठेवायची लाकडी पेटी, माहेरून लग्नात मिळालेली.

"बाई, हे तुमच्यापाशी राहू द्या," ती म्हणाली.

"काऊन वो? सासू घेते काय?"

"नाई. मले आता काय काम पडते त्याचं."

मी काय केलं? मी म्हणाले, "राहू दे, जपून ठेवते." आणि ठेवून घेतली. मला वाटलं सासूच्या तावडीतून वाचवायची असेल. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. माझी नजर लाजेने खाली गेली, तशी ती गेली. दोन दिवसांनी रुखमा या जगात नव्हती.

कशी गेली ते मी लिहीत नाही. गावात सगळे तेच विचारत होते. ती जगत कशी होती, हे कोणी विचारलं नाही.

आता बाहेरच्यांना कळावं म्हणून एक रीत सांगते. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या बाया भाकर आणि पिठलं घेऊन येतात, घरच्यांच्या जिभेला कडुलिंबाचा पाला लावतात आणि आपल्या हाताने पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. सगळं गाव ज्याच्याशी भांडलेलं असतं त्यालासुद्धा हा घास चुकत नाही. पण कोणी आपल्या हाताने गेलं तर त्या घरी घास जात नसे. ते मरण दुसऱ्या घराला लागतं म्हणत. मेलेल्याचं नाव कोणी घेत नसे. आणि जातीचे पंच त्या घराला दंड लावत. दंड भरून जातीला पंगत दिली की मग लोक पुन्हा त्यांच्या हातचं पाणी पिणार.

रुखमाची आई तिसऱ्या दिवशी आली. तिला सासरच्यांनी आत घेतलं नाही. ती दिवसभर चावडीसमोरच्या पिंपळाखाली बसून होती. मी पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यापर्यंत गेले.

"यशोदे, कोठी चालली?" मामीजी म्हणाल्या. "तिकडे पाय नको ठेवजो."

आणि मी तांब्या परत ठेवला. फणेरपेटी माझ्याच घरात होती. तीसुद्धा मी त्या माउलीला नेऊन दिली नाही.

त्यानंतर मी स्वतःसाठी काही नेम केले. कोणी आपली आवडती वस्तू फुकट द्यायला लागलं की विचारायचं. आडून नाही, सरळ विचारायचं. लोक म्हणत, विचारलं की ते मनात भरतं. मी सांगते, भरत नाही. ते आधीच आत असतं आणि एकटं असतं. होकार आला तर त्या माणसाला त्या दिवसापासून एकटं सोडायचं नाही, आणि गुपित ठेवायचं वचन कधीच द्यायचं नाही. आणि आणखी एक, "सगळं ठीक होईल" हे म्हणायचं नाही. आपल्याला ते माहीत नसतं, आणि समोरच्यालाही कळतं की आपल्याला माहीत नाही.

पहिल्यांदा विचारलं ते नामदेवला. मॅट्रिकला दोनदा नापास झालेला. गावातलं पहिलं मॅट्रिक तो होणार म्हणून त्याच्या बापाने आधीच पेढे वाटले होते. तो केंद्राच्या ओट्यावर बसून आपल्या पुस्तकांचे गठ्ठे बालवाडीच्या लेकरांना वाटायला लागला. चार वर्षांच्या लेकराला बीजगणित! मला हसू आलं, मग रुखमा आठवली. मी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "नामदेव, तुह्या मनात जीव द्याचं येऊन राह्यलं काय?"

तो हातातल्या पुस्तकाची पानं चाळत राहिला. मग, "बाई, तुमाले कोनं सांगतलं?"

"कोनंच नाई. मीच विचारून राह्यली."

"मंग इकडे पाहून विचारा न. भितीले काय विचारता?"

मी वळले. तो रडत होता आणि हसतही होता. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला, चार भाकरी, मामीजींनी मोजल्या. दुपारी मी त्याच्या बापाला बोलावलं. बाप आधी चिडला, मग पोराच्या पायापाशी बसून गेला. पुढे पंधरा दिवस तो कुठेही गेला तरी बाप बरोबर. नामदेव मॅट्रिक कधीच झाला नाही. पुढे टपाल वाटू लागला. पत्र द्यायला आला की बाहेरूनच ओरडायचा, "बाई, भितीकडे पाहून राह्यल्या का इकडे?"

सगळेच वाचले असं नाही. बाजूच्या खेड्यातल्या एका पोराचा निरोप मला सोमवारी मिळाला, मी म्हणाले बुधवारी जाईन. मंगळवारी उशीर झाला होता. ते पान मी इथेच सोडते.

आता अनसूयेचं सांगते.

नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याच जातीतले कवडूजी हे जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, बोजे बांधायचे. जात लिहीत नाही, कोणत्याही जातीचं नाव टाकलं तरी गोष्ट तीच राहील. त्यांची बायको भागाबाई, आणि दोन मुली. थोरली अनसूया सासरहून परत आलेली, वीस वर्षांची. धाकटी शेवंता सोळाची, सातवी पास. शेवंताला वर्ध्याच्या नॉर्मल शाळेत घालायचं, मास्तरीण करायचं, असं कवडूजींनी ठरवलं होतं. जिनाच्या चार हंगामांतून त्यासाठी एकशे सात रुपये साठवले होते. वैशाखात अनसूया आपल्या हाताने गेली.

बातमी आली तेव्हा मी बालवाडीत होते. लेकरांना घरी पाठवलं आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले. मामीजी दारात उभ्या राहिल्या.

"कोनासाठी थापून राह्यली?"

"भागाबाईसाठी."

"मी काय सांगतलं होतं तुले?"

मी तव्यावरची भाकर उलटली. तोंडाने भांडणं मला जमतच नव्हतं. पाच भाकरी झाल्या, पिठलं झालं, कडुलिंबाची डहाळी तोडली आणि मामीजींच्या अंगावरून बाहेर पडले. घाईत पिठलं पदरावर सांडलं.

कवडूजींच्या दारात माझ्याआधी एक बाई उभी होती. धुरपता. तिच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती. आमच्या वस्तीत ती मजुरीला यायची, पण उंबऱ्याच्या आत तिला कोणी घेत नव्हतं. तिच्या हातात कपड्याने झाकलेलं ताट होतं.

"या बाई," ती म्हणाली, "मी म्हटलं कोनी येते का नाई ते पाहावं. कोनी नाई आलं त मंग मीच जातो."

आम्ही दोघी आत गेलो. भागाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने धुरपताच्या ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे. मला कळलं, ती पंचांना भीत होती. पोटची पोर गेली त्या दिवशीही भीतीच आधी आली.

तेवढ्यात शेवंता उठली. धुरपतासमोर येऊन बसली आणि लेकरासारखं तोंड उघडलं. धुरपताने पाला लावला, घास भरवला. शेवंता चावत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मग भागाबाईने माझ्या हातचा घेतला, आणि नंतर धुरपताच्याही हातचा. कवडूजी म्हणाले, "आता जे होईन ते होईन," आणि त्यांनीही खाल्लं.

जे व्हायचं ते झालंच. पंचांचे मुख्य होते डोमाजी. उंच माणूस, कपाळाला गंध, बोलताना काठी आपटायची सवय. दंड एक्कावन्न लागायचा तो त्यांनी एकशे एक केला. पन्नास धुरपताच्या घासाचे! वर महिन्याने पंगत. कवडूजी माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणाले, देऊ नका. ते म्हणाले, "बाई, दुसरी पोरगी हाये माही. तिले कोन करून घेईन?" आणि शेवंतासाठी ठेवलेल्या पैशातून त्यांनी एकशे एक मोजून दिले.

मी रोज त्या घरी जात होते. एक गोष्ट मला खुपत होती. घरातून अनसूया पुसून टाकली होती. तिचं ताट, तिची गोधडी, दारामागे लटकवलेला तिचा चोळीचा खण, सगळं गेलं. मी "अनसूया" म्हटलं की भागाबाई पदर तोंडात कोंबायची.

महिना होत आला. पंगतीला आठ दिवस होते. सकाळी शेवंता बालवाडीत आली. तिच्या हातात पाटी, पेन्सिलींची डबी आणि लाल रिबिनी होत्या. वाकून एका पोरीच्या वेणीला रिबीन बांधली, दुसरीला पाटी दिली. "तुमाले घ्या वो. मले नाई लागत."

मी दुधाचं भांडं खाली ठेवलं. मला समोर फणेरपेटी दिसली. या वेळी मी भिंतीकडे पाहिलं नाही. तिचा हात धरून मागच्या ओसरीत नेलं, समोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत पाहून विचारलं, "शेवंते, जीव द्याचं मनात येऊन राह्यलं काय तुह्या?"

तिने पेन्सिलींची डबी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुमीच पहिल्या विचारनाऱ्या."

"सांग मले."

"ताईचं नाव घेतलं का माय रडते, बाबा म्हनते गप. तिचं ताट भी देऊन टाकलं. बाई, ती घरात कधी नव्हतीच असं करून राह्यले सारे. मंग मले वाटते, मी तरी कायले आहो? माह्या शाळेचे पैसे दंडात गेले, ते भी बोलता येत नाई. बोलली त म्हनतीन, बहिनीपेक्षा पैसा मोठा झाला हिले."

"घे तिचं नाव. माह्यासमोर घे."

"ताई."

"नाव घे."

"अनसूया," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने. मग तिला थांबता येईना. ताई वेणी कशी घालायची, ताईला चिंच कशी आवडायची, ताई झोपेत कशी बोलायची. लेकरं दारात गोळा झाली. मी त्यांना हाकललं नाही, राहू दिलं. दीड तास ती बोलली. दूध सगळं नासलं.

मी तिला सांगितलं, "हे मी तुह्या मायले सांगनार. तू रागावली तरी सांगनार." ती रागावली. तरी मी सांगितलं, तिला जवळ बसवूनच. भागाबाईने ऐकलं आणि पोरीला असं आवळून धरलं की दोघींच्या बांगड्या फुटल्या. त्या दिवसापासून पाळी लावली. सकाळी माझ्याकडे, दुपारी धुरपताकडे, बाकीचा वेळ आईजवळ. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण महिनाभर पोरीला झोप नव्हती. त्या बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, झोपेचं औषध मोजून माझ्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "औषध आठ दिवसांचं आहे. बाकीचं काम तुमचं चालू आहे तेच."

पण मला दिसत होतं की एवढ्याने भागणार नाही. पंगत झाली असती तर गावाच्या हिशेबी अनसूयेचा विषय संपला असता. शेवंताने तीच पंगत वाढायची होती. बहिणीच्या दंडाचं जेवण, बहिणीचं नाव न घेता, आपल्या हाताने! ते तिने केलं असतं आणि मग काय झालं असतं याचा विचार मी करू शकत नव्हते.

संध्याकाळच्या दिवाबत्तीला घरी बसून मी ती फणेरपेटी काढली. दोन-अडीच वर्षं ती कपड्यात गुंडाळून ठेवली होती. मामीजींनी पाहिली.

"कोनाची वो ही?"

"रुखमाची. मरायच्या आधी मले देऊन गेलती. मी विचारलं नाई तिले."

मामीजी खाली बसल्या. पेटी उघडली, बंद केली. मग म्हणाल्या, "कौसल्यानं मले तिच्या पायातल्या तोरड्या देल्ल्या होत्या."

मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. कौसल्या हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कोन कौसल्या, मामीजी?"

"माही पोरगी. तुही ननंद. सतरा वर्साची होती." त्या पेटीवर हात फिरवत राहिल्या. "तिचं सुतक भी नाई पाळू देल्लं मले. दुसऱ्या दिवशी उठून आपलं शेन-पानी केलं, जसं काई झालंच नाई."

मी दिव्यात तेल घातलं. मग त्याच म्हणाल्या, "यशोदे, सुतकातल्या बाईच्या हातचं पंच खातेत काय?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा पंगतीच्या चुली डोळ्यांसमोर आल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी घरोघर गेलो. मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी फक्त पेटी समोर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही रुखमाची." मामीजी म्हणायच्या, "मी कौसल्याचं सुतक धरून राह्यली. तुमच्या घरचं कोन?" काही घरांनी दार लावून घेतलं. एकीने माझ्यावर शेण फेकलं. पण बाकीच्या घरांत बाई आधी इकडे तिकडे पाहायची, मग आवाज खाली आणून एक नाव सांगायची. मामेबहीण. दीर. जाऊ. स्वतःचा मुलगा. चौथ्या दिवशी आम्ही डोमाजींच्या घरी गेलो, ते बाजाराला गेले होते तेव्हा. त्यांच्या बायकोने पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या भी घरचं हाये. नाव नाई सांगत. पन मी येतो."

पंगतीच्या दिवशी देवळासमोर मांडव घातला होता. आमच्याकडे जातीच्या पंगतीचा स्वयंपाक बायांनीच करायचा, आचारी चालत नाही. कणीक, डाळ, गूळ, तुपाचा डबा, सगळं मांडून ठेवलेलं. पुरुष अंघोळ करून आले, रांगेने बसले. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, पाणी शिंपडलं. डोमाजी म्हणाले, "वाढा!"

कोणी वाढेना. मांडवामागे चूलसुद्धा पेटलेली नव्हती.

आम्ही सगळ्या कवडूजींच्या अंगणात होतो. प्रत्येकीने घरून भाकर आणली होती आणि कडुलिंबाची डहाळी. धुरपताही होती, तिच्या वस्तीतल्या आणखी पाच जणी होत्या. शेवंता मधे बसली होती. एकेक बाई पुढे यायची, आपल्या माणसाचं नाव घ्यायची, मग म्हणायची "आणि अनसूया," आणि भागाबाईला घास भरवायची. भागाबाई पदर तोंडाला न लावता रडत होती. डोमाजींच्या बायकोने नाव घेतलं ते इतकं हळू की कोणाला ऐकू आलं नाही. पण घेतलं.

पुरुष रिकाम्या पत्रावळींवरून उठून तिथे आले. डोमाजींनी काठी आपटली. "यशोदाबाई! काय तमाशा लावला हा?"

खरं सांगते, एक शब्द फुटला नाही. मामीजी पुढे झाल्या.

"तमाशा नोय डोमाजी, सुतक हाये आमाले. दहा दिस. सुतकात परक्याले रांधून घालत नाईत, हे तुमीच शिकवलं."

"कोनाचं सुतक?"

"माह्या कौसल्याचं. हिच्या दिराचं. तिच्या पोराचं. अनसूयेचं. तुमच्या घरी जाऊन विचारा कोनाचं ते."

मागून कोणीतरी पुरुष म्हणाला, "मंग आमी खावं काय?"

"कनिक मळता येत नसन त शिकून घ्या," धुरपता म्हणाली, आणि अंगणातल्या बाया हसल्या. सुतकात हसल्या! शेवंताही हसली. महिन्यात पहिल्यांदा.

डोमाजी म्हणाले, सगळ्यांना वाळीत टाकतो. मामीजी म्हणाल्या, टाका, मग उरलेल्यांत कोण कोण राहील ते मोजा. मग डोमाजींनी विचारलं, आम्हाला काय पाहिजे. तेव्हा माझा आवाज आला. बारीक आला, पण आला. "एकशे एक रुपये," मी म्हणाले. "सगळे. आणि देताना पंचांनी तिचं नाव घेऊन द्यायचे."

तिसऱ्या दिवशी पंचांनी साठ रुपये पाठवले. बायांनी घरीही रांधलं नव्हतं, आणि पुरुषांनी स्वतः थापलेल्या भाकरी खाऊन तिसरा दिवसच कसाबसा निघाला होता. उरलेले एक्केचाळीस तुपाडाळीत गेले होते, ते जमतील तसे देऊ म्हणाले. आम्ही दहा दिवस सुतक पूर्ण पाळलं. एक दिवसही कमी केला नाही.

जीपवाल्या बाई पुढच्या महिन्यात आल्या. कोणीतरी अर्ज केला होता. "यशोदाबाई, तुमचं काम लेकरांचं. रजिस्टरात लेकरं बावीस आणि शुक्रवारी बाया चाळीस, हा काय प्रकार?" कारण तोवर दर शुक्रवारी बाया केंद्रात बसू लागल्या होत्या. शिवण हातात, आणि गेलेल्यांची नावं तोंडात. मी म्हणाले, "बाई, रकाना नाही, म्हणून खाली लिहिलं." त्या मला काढून टाकणार होत्या. जाताना त्यांनी बायांमध्ये थोडा वेळ बसून घेतलं, आणि मग काढून टाकलं नाही. पगार मात्र दोन वर्षं वाढवला नाही. तेही लिहून ठेवते.

शेवंताला बरं व्हायला वेळ लागला. सुतकाने ती बरी झाली असं कोणी समजू नये. पुढच्या वैशाखात पुन्हा तसे दिवस आले, पण या वेळी ती स्वतः आली आणि म्हणाली, "बाई, येऊन राह्यलं मनात. बसा माह्याजवळ." मी बसले. हाती असलेल्या पैशांत तिला नॉर्मल शाळेत घेतलं नाही, म्हणून ती दोन वर्षं केंद्रात माझ्या हाताखाली राहिली. माझी अर्धी वेलांटी तिनेच सुधारली.

एक्केचाळीस रुपये यायला दोन वर्षं लागली. पाच आले, तीन आले, कधी नुसते दोन. डोमाजी ते आपल्या बायकोच्या हाती पाठवायचे. तिच्या तोंडून नाव यायचं, पण आम्ही म्हणालो होतो पंचांनी घ्यायचं. प्रत्येक वेळी शेवंता पैसे घ्यायची आणि सांगायची, "काकी, शेवटचे त्याइलेच घेऊन याले सांगजो."

शेवटचे सात राहिले होते तेव्हा डोमाजी स्वतः आले. शेवंताचा नॉर्मल शाळेत नंबर लागला होता, त्याच सकाळी ती निघायची होती. बालवाडीत लेकरं दूध पीत होती. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. सहा नोटा आणि मूठभर चिल्लर, काही जुने आणे, काही नवे पैसे, शेवंताच्या ओंजळीत टाकले.

"घे," ते म्हणाले.

शेवंताने ओंजळ तशीच पुढे धरून ठेवली. त्यांनी काठी आपटली. लेकरं दूध प्यायची थांबली. बाहेर वर्ध्याच्या मोटारीचा भोंगा वाजला, तरी शेवंता हलली नाही.

"अनसूयेचे," डोमाजी म्हणाले. "झालं?"

शेवंताने ओट्यावर बसून मोजलं. दोन पैसे कमी होते. डोमाजी म्हणाले, जुन्या-नव्या नाण्यांच्या घोळात एवढं होतंच. शेवंता म्हणाली, "मंग घोळ घरी जाऊन निस्तरा. मी मोटार जाऊ देतो."

ते गेले. मोटारही गेली. तासाभराने ते दोन पैसे घेऊन परत आले आणि पुन्हा एकदा, आता न सांगता, म्हणाले, "अनसूयेचे."

त्यांनी माफी मागितली नाही. माफी मागा असं मी म्हटलंच नव्हतं. शेवंताने पैसे पिशवीत टाकले, कमरेला खोचले, माझ्या पायाला हात लावला आणि दुपारच्या मोटारीने वर्ध्याला गेली. एकशे एक पुरे झाले होते.